वाड्यावरची मशीद : एका लोकसंस्थेचा परिचय

आमच्या विद्यालयाच्या एका जुन्या हजेरीपटावर माझ्या हातचा एक शेरा आहे आणि त्याखाली मीच केलेली त्याची दुरुस्तीही आहे. दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुटीनंतर न सांगता निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यास बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मयतीला गेलो होतो, सर." कोण वारले असे विचारता, "नाव ठाऊक नाही," असे उत्तर आले. नात्यातले होते काय? नाही. शेजारचे? तेही नाही. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्या अंत्यविधीला शाळा बुडवून कोण जाईल, असे माझ्या मनात आले व मी हजेरीपटावर "कारण असत्य" असा शेरा लिहिला. मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "त्याचं इथं कोणी नव्हतं, सर. म्हणूनच जावं लागलं." मला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले.

तथापि ते वाक्य दिवसभर मनातून जाईना. संध्याकाळी घरी परतताना वाटेवरच्या लहान मशिदीपाशी मी थांबलो. फोंडा तालुक्यातील या गावी मी तीस वर्षे राहत आहे आणि त्या मशिदीवरून दिवसातून दोन वेळा तरी जातो. परंतु तिच्या पायऱ्या मी कधी चढलो नव्हतो. तेथील व्यवस्था पाहणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा वाडा चाचा म्हणतो, हौदाच्या कडेला बसले होते. त्यांनी सारी हकीकत सांगितली. परप्रांतातून आलेला एक गवंडी तापाने आजारी पडून वारला होता. त्याच्या घरच्यांना येण्यास दोन दिवस लागणार होते. तेव्हा वाड्यातील माणसांनी त्याला न्हाऊ घातले, कफन आणले आणि दफन केले. "मास्तर," चाचा म्हणाले, "चार माणसं जमली नसती तर दोष त्या चौघांना नव्हे, सगळ्या वाड्याला लागला असता."

मी घरी आलो तो खजील होऊन. विद्यार्थी खरे बोलत होता. अज्ञान माझे होते, आणि ते तीस वर्षांचे होते. त्यानंतर मी अधूनमधून चाचांकडे जाऊ लागलो, विचारू लागलो, थोडे वाचूही लागलो. त्यातून जे हाती आले ते शिक्षकबंधूंपुढे आणि परिषदेच्या सभासदांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मोठ्या, प्रसिद्ध मशिदींविषयी इतिहासकारांनी व वास्तुविशारदांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगावयाचे आहे ते वाड्यावरच्या लहान मशिदीविषयी, ती एक संस्था म्हणून कशी चालते याविषयी.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'मशीद' हे 'मस्जिद' या अरबी शब्दाचे मराठी रूप. त्याच्या मुळाशी 'सजदा' म्हणजे भूमीला कपाळ टेकून केलेले नमन आहे. तेव्हा मशीद म्हणजे नमनाची जागा. या व्युत्पत्तीतच वास्तूचे स्वरूप सामावलेले आहे. मूर्ती नाही, म्हणून गाभारा नाही. गाभारा नाही, म्हणून त्याच्या आत जाण्याचा अधिकार असलेला आणि नसलेला असा भेद नाही. लागते ती केवळ स्वच्छ, सपाट भूमी आणि मक्केची दिशा. ही दिशा म्हणजे 'किब्ला'. गोव्याहून ती पश्चिमेच्या काहीशी उत्तरेकडे येते. त्या बाजूच्या भिंतीत कमानीच्या आकाराचा एक कोनाडा असतो, तो 'मेहराब'. त्याच्या उजव्या अंगास दोन-तीन पायऱ्यांचे आसन असते, ते 'मिंबर'. शुक्रवारचे प्रवचन त्यावरून होते. बाहेर हातपाय धुण्यासाठी पाण्याचा हौद किंवा नळांची रांग असते. घुमट व मिनार ही शोभा आहे, आवश्यकता नव्हे. आमच्या वाड्यावरच्या मशिदीस घुमट नाही. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती आणि वर उतरते कौलारू छप्पर, असे तिचे रूप आहे. मृगाच्या पावसात तिच्या पागोळ्या आमच्या घराच्या पागोळ्यांसारख्याच गळतात.

हे कौलारू रूप आजचे नव्हे. फोंड्याजवळची साफा मशीद ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सहज पटेल. १५६० साली, आदिलशाही अमलात, ती बांधली गेली. त्या वेळी विजापूरच्या गादीवर पहिला अली आदिलशहा होता. उंच जोत्यावर एकच लांबट दालन, त्यावर उतरते कौलारू छप्पर, भोवती पूर्वीच्या बांधकामातील खांबांचे अवशेष, आणि शेजारी चिऱ्यांनी बांधलेली, पायऱ्यांनी उतरत जाणारी मोठी तळी. विजापूरचे गोल घुमट येथे नाहीत. कोकणच्या पावसाने येथील कारागिरांस जे शिकविले ते त्यांनी केले. तळीच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. ते वगळले तर ही तळी आणि आमच्या देवळांच्या तळ्या एकाच जातीच्या आहेत, हे कोणाही गोमंतकीयाच्या ध्यानी यावे. आज ही मशीद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

१५६० हे साल आपल्या इतिहासात आणखी दोन कारणांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यात धर्मसमीक्षणाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना याच साली झाली. आणि याच साली कुशस्थळीच्या मंगेशाचे लिंग भक्तांनी नदीपार करून प्रियोळ येथे आणले. आजचे मंगेशी ते हेच. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली तीही याच काळात. हे सारे देव ज्या अंत्रुज महालात आश्रयास आले, तो महाल तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, आदिलशाहीचा होता. एकाच साली, एकाच महालात, काही कोसांच्या अंतरावर एक नवी मशीद उभी राहत होती आणि एक परागंदा देव नवे घर शोधीत होता. आदिलशाहीचा अंमल सर्वत्र आणि सर्वकाळ असाच उदार होता असे मला म्हणावयाचे नाही. राज्यकर्त्यांच्या हेतूंविषयी घाईने निर्णय देऊ नये. परंतु अंत्रुजातील मशीद आणि अंत्रुजातील देवळे यांचे शेजार साडेचारशे वर्षांहून जुने आहे, आणि ते संकटकाळात जडलेले आहे, एवढे तरी आमच्या मुलांना ठाऊक असावे. पुढे या महालात मराठे आले, सोंद्याचे राजे आले, १७६३ साली पोर्तुगीज आले आणि १९६१ साली तेही गेले. शेजार मात्र टिकले.

आता या संस्थेच्या रचनेकडे वळू. दिवसातून पाच वेळा नमाज विहित आहे : पहाटेची फजर, दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहराची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा. त्या घरी वा शेतातही करता येतात, परंतु समुदायाने करणे अधिक श्रेयस्कर मानले आहे. शुक्रवारी दुपारी मात्र पुरुषांस समुदायानेच नमाज करावी लागते. ती मोठ्या मशिदीत होते. तीस 'जामा' मशीद म्हणतात. वर्षातून दोन वेळा, दोन्ही ईदांना, सारे गाव मोकळ्या मैदानावर, ईदगाहावर, एकत्र येते. आणि आयुष्यात एकदा, ज्यास शक्य असेल त्याने, मक्केची यात्रा करावी असा दंडक आहे. म्हणजे असे की, रोज गल्ली भेटते, आठवड्याला पेठ भेटते, वर्षाला पंचक्रोशी भेटते आणि जन्मातून एकदा सारे जग. या चढत्या वर्तुळांतील सर्वांत आतले, सर्वांत लहान वर्तुळ म्हणजे वाड्यावरची मशीद. ते वर्तुळ तुटले तर बाहेरची वर्तुळे नुसत्या गर्दीची उरतात. रोज पाच वेळा ज्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला लागतो, तो एके दिवशी आला नाही तर ते लगेच ध्यानात येते. आमच्या वाड्यात आजारी माणसाची पहिली चौकशी अशीच होते. "आज असरला दिसला नाही," एवढ्यावरून कोणी तरी त्याच्या दारी जातो.

नमाजच्या वेळा घड्याळावर नव्हे, सूर्यावर ठरतात, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. असरची वेळ सावलीवरून मोजतात. मध्यान्हीची मूळ सावली सोडून वस्तूची सावली वस्तूइतकी झाली की शाफई पंथाची असर सुरू होते. ती दुप्पट झाली की हनफी पंथाची. कोकणच्या किनाऱ्यावरील मुसलमान बहुधा शाफई आणि घाटावरील हनफी, त्यामुळे या दोन वेळांतील अंतर आमच्याकडे केवळ पुस्तकी नाही. काठी रोवून सावली मोजण्याचा प्रयोग आपण शाळेत करवितो. तोच येथे शतकानुशतके रोज चालत आला आहे. तीच गोष्ट पंचांगाची. हिजरी वर्ष चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. आपल्या पंचांगातही महिने चांद्र आहेत, परंतु आपण अधिक मास घालून ते सौर वर्षाशी जुळवून घेतो, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच येते. हिजरी गणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ज्याने पावसाळ्यात पहिला रोजा धरला, त्यास उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांचा रोजाही आयुष्यात कधी तरी धरावा लागतो. आमच्या परीक्षांच्या दिवसांत रमजान आला म्हणजे काही मुले दुपारी का पेंगतात, हे मी फार उशिरा समजून घेतले.

सूर्यास्ताच्या वेळेचे तर आमच्या गावी एक निराळेच माहात्म्य आहे. मशिदीतून बांग होते, पलीकडच्या वाड्यावरून चर्चची सांजेची घंटा ऐकू येते आणि त्याच सुमारास घरोघरी तुळशीपुढे सांजवात लागते. तिन्हीसांजा हा शब्द आमच्याकडे असा तिन्ही अर्थांनी खरा आहे. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा मुअज्जिन ओसरीवर उभा राहून कानांवर हात ठेवून बांग देई, आणि बाजारातील दुकानदार त्यावर दिवे लावीत, असे जुनी माणसे सांगतात.

या संस्थेचे चालक कोण? मशिदीत पुरोहितवर्ग नाही. नमाजचे नेतृत्व करणारा तो इमाम. शास्त्रार्थाने कुराणाचे शुद्ध पठण करू शकणारा कोणीही समंजस मनुष्य इमाम होऊ शकतो. नेमलेला पेशइमाम असतो तो सोयीसाठी. बांग देणारा मुअज्जिन. मिळकत व हिशेब पाहणारा मुतवल्ली. आणि या सर्वांच्या मुळाशी जमात, म्हणजे तेथे नमाजास येणारा समुदाय. आमच्या देवळांची महाजनव्यवस्था वाचकांच्या परिचयाची आहे. तेथे अधिकार ठरावीक कुळांकडे वंशपरंपरेने चालतो. जमातीचे तसे नाही. जो वाड्यावर राहावयास आला आणि रांगेत उभा राहिला तो जमातीचा झाला. पहिल्या रांगेत उशिरा येणाऱ्या धनिकासाठी जागा राखून ठेवीत नाहीत. जो आधी आला तो पुढे. अर्थात् व्यवहारात कुळाचा आणि पैशाचा भार येथेही पडतोच, परंतु तो पडला तर त्याला नावे ठेवण्यासाठी हा नियम हाताशी असतो.

लहान मशिदीच्या पेशइमामाची आर्थिक स्थिती हा मात्र चिंतेचा विषय आहे. तो बहुधा दूरच्या गावाहून आलेला, मशिदीलगतच्या एका खोलीत राहणारा, तुटपुंज्या वेतनावर पाच वेळा हजर राहणारा मनुष्य असतो. त्याच्या जेवणाचा डबा आळीपाळीने घरोघरून येतो. आमच्या खेड्यांतील एकशिक्षकी शाळांचे जुने पंतोजी ज्यांना आठवत असतील त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. वक्फ मंडळांनी आपल्या अखत्यारीतील मशिदींच्या इमामांस वेतन द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. परंतु ज्या लहान मशिदी केवळ वाड्याच्या वर्गणीवर उभ्या आहेत, त्यांचा पेशइमाम वर्गणी देणाऱ्यांच्या परिस्थितीवरच अवलंबून असतो.

पैशाची ही बाजू थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण तीविषयी गैरसमज फार. मशिदीच्या मिळकतीस 'वक्फ' म्हणतात. मूळ अर्थ थांबविणे, रोखून धरणे. एखाद्याने आपले दुकान, माड किंवा शेत मशिदीस वाहिले की ते खरेदीविक्रीच्या व्यवहारातून थांबले. त्याचे उत्पन्न खर्चावयाचे, मूळ वस्तूस हात लावावयाचा नाही. आपल्याकडील देवस्थान इनामांची कल्पना याहून फारशी दूर नाही. मराठेशाहीत काझी, मुल्ला आणि मशिदी यांची इनामे सरकारी सनदांनी पुढे चालविल्याची उदाहरणे दप्तरांत आढळतात, त्याचे कारण हेच असावे की, ही व्यवस्था येथील राज्यकर्त्यांस परकी वाटली नाही. स्वतंत्र भारतात वक्फ मिळकतींसाठी १९५४ साली कायदा झाला, त्याच्या जागी १९९५ चा आला आणि २०२५ साली त्यात मोठे बदल झाले. त्या बदलांविषयी देशात तीव्र मतभेद आहेत. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. इतकेच सांगतो की, लहान मशिदीच्या मुतवल्लीपाशी पुष्कळदा एक पेटी, एक वही आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या चतुःसीमा एवढेच दप्तर असते. कागदपत्र नीट लावून ठेवण्याच्या कामी गावातील निवृत्त शिक्षक व कारकून त्यास साह्य करू शकतील तर ते शेजारधर्माचेच होईल.

वक्फाखेरीज दुसरा विषय दानाचा. ज्याच्यापाशी साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा त्या किमतीचा शिल्लक पैसा वर्षभर राहिला, त्याने त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, 'जकात' म्हणून द्यावयाचा. (नाक्यावरील कर या अर्थी आपण वापरीत आलो ती 'जकात' हाच शब्द.) ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, जकातीचा पैसा मशिदीच्या बांधकामास लावता येत नाही. तो गरजू माणसाच्या हातीच पडला पाहिजे. इमारतीसाठी वेगळी वर्गणी मागावी लागते. म्हणून पुष्कळ लहान मशिदींची भिंत वर्षानुवर्षे गिलाव्यावाचून राहते, आणि त्याच वाड्यातील विधवेच्या घरी मात्र रमजानात रक्कम पोचलेली असते. शिवाय ईदच्या नमाजापूर्वी कुटुंबातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, 'फितरा' द्यावा लागतो. हनफी मताप्रमाणे तो पावणेदोन ते दोन किलो गव्हांच्या किमतीइतका असतो. उद्देश असा की, सणाच्या दिवशी कोणाच्याही घरी चूल थंड राहू नये. मशीद ही या देवघेवीची चौकशीकचेरी असते. कोणाच्या घरी किती खाणारी तोंडे आहेत आणि कोणास मागण्याची लाज वाटते, हे चाचांसारख्या माणसास वहीत न पाहता ठाऊक असते.

शिक्षकांच्या दृष्टीने मशिदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तेथील मकतब. सकाळी शाळेपूर्वी किंवा संध्याकाळी लहान मुले तेथे येतात, 'कायदा' नावाच्या पहिल्या पुस्तकावरून अरबी अक्षरे गिरवितात आणि मग कुराणाचे पठण शिकतात. अर्थ पुष्कळदा नंतर येतो किंवा येतही नाही, प्रथम उच्चार. वेदपाठशाळेतील संथेची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. उच्चारशुद्धीचा हा संस्कार मुलांच्या जिभेस फार उपकारक ठरतो, असा माझा वर्गातील अनुभव आहे. मराठीच्या तासाला स्पष्ट वाचणाऱ्यांत मकतबात गेलेली मुले मला पुष्कळ आढळली. उलटपक्षी, पहाटे उठून मकतब, मग शाळा, मग पुन्हा मकतब, अशा दिवसाचा शीण त्यांच्या डोळ्यांत दिसतो, हेही खरे. मकतबाचे गुरुजी आणि शाळेचे गुरुजी एकाच मुलास शिकवितात आणि एकमेकांस ओळखत नाहीत, ही स्थिती शोभादायक नाही.

आणि भाषेचे म्हणाल तर, मशिदीच्या भाषेस परकी म्हणण्यापूर्वी आपल्या मुखातील शब्द तपासावेत. मी मुख्याध्यापक या नात्याने दिवसभर काय करतो? दाखला देतो, हजेरी घेतो, रजेचा अर्ज मंजूर करतो, तारीख घालून सही करतो, इमारतीचा जमाखर्च तपासतो. या वाक्यातील दाखला, हजेरी, रजा, अर्ज, मंजूर, तारीख, सही, इमारत आणि जमा हे सारे शब्द मुळात अरबी असून बहुधा फारसीच्या वाटेने मराठीत आले. 'जमा', 'जमात', 'जुम्मा' आणि 'जामा मशीद' यांचे मूळ एकच, एकत्र येणे. मशिदीतला 'हौद' आणि पुण्यातल्या जुन्या वाड्यांतला हौद हाही एकच शब्द. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राज्यकारभारातील यावनी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु जे शब्द लोकांच्या संसारात मुरले होते ते राहिले, आणि पुढे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचून त्यांची वंशावळ लावून दिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला, हे तर आपण वर्गात शिकवितोच. शब्द दोन्ही दिशांनी चालत आले आहेत.

आता ज्या घटनेपासून लेखाचा आरंभ केला तिकडे येतो. इस्लामी धर्मशास्त्रात कर्तव्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक प्रत्येकाने स्वतः करावयाचे. जसे नमाज व रोजा. दुसऱ्याने केल्याने ते फिटत नाही. दुसरे समुदायाने करावयाचे. त्यास 'फर्ज-ए-किफाया' म्हणतात. ते काही जणांनी केले तर सर्वांचे फिटते. कोणीच केले नाही तर दोष सर्वांवर येतो. मृताचा अंत्यविधी हे या दुसऱ्या प्रकारातील कर्तव्य. प्रत्येक लहान मशिदीत एका कोपऱ्यात शव नेण्याची लाकडी खाट उभी करून ठेवलेली असते. ती कोणाच्या मालकीची नसते, ती सर्वांची. मृतास स्नान घालतात, पुरुषास तीन व स्त्रीस पाच अशी शिवण नसलेली पांढरी वस्त्रे लेववितात. मग समुदाय उभ्यानेच नमाज करतो. या एका नमाजात वाकणे नाही, सजदा नाही, कारण पुढे प्रेत असते आणि नमन प्रेतास नव्हे, असा भाव आहे. नंतर कबरस्तानापर्यंत खांदा देण्यास माणसे आळीपाळीने पुढे होतात. चार पावले तरी खांदा द्यावा म्हणून अनोळखी वाटसरूही थांबतो.

ज्याला आपले म्हणणारे कोणी असते त्याचे कर्तव्य आपोआप होते. शास्त्राची कसोटी लागते ती ज्याचे कोणीच नाही त्याच्यापाशी. "त्याचं इथं कोणी नव्हतं, म्हणूनच जावं लागलं," हे त्या मुलाचे वाक्य उद्धटपणाचे नव्हते. ते त्या शास्त्राचे यथार्थ मराठी भाषांतर होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील सामाजिक जबाबदारीचा धडा मी पंचवीस वर्षे शिकवीत आलो. त्याची इतकी नेमकी व्याख्या मला कधी सुचली नव्हती.

याचा अर्थ ही संस्था निर्दोष आहे असा नव्हे. स्त्रियांस मशिदीत नमाज करण्यास धर्मशास्त्राचा मज्जाव नसला, तरी लहान मशिदींतून त्यांच्यासाठी वेगळी जागा क्वचितच असते. त्यांचा वाटा पडद्याआडून डबा पाठविण्याचा आणि घरी मुलींना पठण शिकविण्याचा. पंथभेदावरून जमातीत फूट पडते आणि कधी एका गल्लीत दोन मशिदी उभ्या राहतात. हिशेबावरून कुरबुरी होतात. ध्वनिक्षेपकाच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी खटके उडतात. तसे ते आमच्या उत्सवांतील ध्वनिक्षेपकांवरूनही उडतातच. शिवाय नवी पिढी आखाती देशांत नोकरीस गेली की फजरच्या रांगेत वृद्धांचीच संख्या उरते. चाचा मला म्हणाले होते, "पैसा तिकडून येतो, मास्तर, खांदा येत नाही." देवळाच्या पालखीस भोई मिळत नाहीत ही आमची तक्रार, आणि ही त्यांची, दुखणे एकच आहे.

एवढे लिहिल्यावर, यातून शिक्षकाने घ्यावयाचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आपल्या शाळेच्या परिसरातील देऊळ, चर्च आणि मशीद या तीन संस्था कशा चालतात, त्यांचा जमाखर्च कोण पाहतो, पाणी कोठून येते, गरिबास तेथे काय मिळते, याची माहिती विद्यार्थ्यांनी स्वतः विचारून गोळा करावी. आम्ही गेल्या दोन वर्षांपासून नववीच्या वर्गास हे काम देत आहो. मुलांनी पहिल्या वर्षी मशिदीच्या हौदाची लांबीरुंदी मोजून आणली आणि गणिताच्या तासाला पाण्याचे घनफळ काढले. दहा हात लांब व दहा हात रुंद हौदातील पाणी सहसा अशुद्ध होत नाही, असा हनफी नियम चाचांनी त्यांना सांगितला होता. आपला हौद त्यात बसतो की नाही, यावर वर्गात बराच खल झाला. हात कोणाचा धरावयाचा, मुलाचा की मोठ्या माणसाचा, हा प्रश्न एका मुलीने विचारला. त्याचे उत्तर आणावयास तिला पुन्हा मशिदीत जावे लागले.

हजेरीपटाविषयी सांगावयाचे राहिले. "कारण असत्य" हा शेरा खोडून मी त्याखाली "अंत्यविधीस उपस्थित, रजा मंजूर" असे लिहिले, तारीख घातली व सही केली. खाडाखोड नियमाला धरून नव्हती. तपासणीच्या वेळी साहेबांनी त्याविषयी विचारले, तेव्हा मी घडले तसे सांगितले. मुलास बोलावून माझी चूक त्याच्यापाशी कबूल केली. तो संकोचून गेला व काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशिदीवरून जात असता हौदाकाठी बसलेल्या चाचांनी हात वर करून मला नमस्कार केला. तीस वर्षांत तो पहिलाच होता. त्याआधी मी तिकडे पाहिलेच नव्हते.